भाऊनं न केलेलं भाषण

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी चष्मा पुसत बसलो होतो. "काका, यंदा बांधाच्या कडेनं चार ओळी जवारी पेरली," तो म्हणाला. "निम्मी पाखरायनं खाल्ली, निम्मी हाये. कापाले आली. या दोन दिवस." मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण सांगितलं ते निमित्तच. तो बिचारा म्हणाला, "मंग पीठ पाठवतो." आणि खरंच चार दिवसांनी मलकापूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पिठाची पिशवी आली.

सुनेनं भाकरी थापल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या या घरात गॅसवर भाजलेल्या भाकरीचा वास तो काय, पण तेवढाही पुरला. मी हात धुऊन आलो, पानावर बसलो आणि तुकडा मोडला तो मोडलेलाच राहिला. सूनबाई म्हणाली, "मीठ कमी झालं का बाबा?" मी म्हटलं, "नाही, गरम आहे जरा."

सोयाबीननं माझ्यावर मोठे उपकार केले आहेत. आमच्या भागात हल्ली बांधापासून बांधापर्यंत सोयाबीनच. दिवाळीच्या आत यंत्र येतं, काढून नेतं आणि रान मोकळं. ना कणसं, ना कडब्याच्या पेंढ्या, ना खळं. ज्वारी गेली म्हणून लोक हळहळतात, लेख लिहितात. मी पेपरातच आयुष्य काढलं, तसल्या लेखांचे मथळे मीच दिले. पण मनात म्हणायचो, गेली ते बरं झालं. ज्वारीची सुगी मला सोसत नाही. अशाच एका सुगीत मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडी न बोललेले शब्द घातले आणि त्या शब्दांनी त्याचं गावातलं जगणं खाऊन टाकलं. आज सांगून मोकळं व्हावं म्हणतो. मोकळं होता येत नाही, हेही ठाऊक आहे.

त्याचं नाव नारायण. मी त्याला भाऊ म्हणायचो. आमच्यात चौदा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेल्यानं मला बाप असा आठवतच नाही, आठवतो तो भाऊच. मलकापूरपासून पाचसहा कोसांवर आमचं गाव, जमीन काळी, फार नाही पण पोटापुरती. भाऊ चौथीपर्यंत शिकलेला. बोलणं बेताचं. पण गावात त्याच्या बोलण्याला वजन होतं. पेरणीच्या आधी माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसायची. तंबाखू मळायची, इकडतिकडचं बोलायची आणि जाता जाता विचारायची, "मंग नारानभाऊ, कवा टाकाव म्हंता?" भाऊ मातीचं ढेकूळ हातात फोडून बघायचा आणि म्हणायचा, "चार रोज थांबा." की अख्खा पट्टा चार दिवस थांबायचा. ठाऊक नसेल तिथं तो "मले नाई मालूम" म्हणायचा. लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला होता तो मला वाटतं त्या 'नाई मालूम'मुळंच.

नवा महाराष्ट्र होऊन चारपाच वर्षं झाली होती. जिल्हा परिषद, पंचायत समिती, सभापती, गटविकास अधिकारी असे नवेनवे शब्द गावात येत होते आणि त्यांच्यामागून जीपगाड्या. मीही एक नवा शब्द घरी आणला होता, पत्रकारिता. नागपूरला विद्यापीठात तिची पदविका मिळायची. गावाला काही ते उमजेना. वहिनी म्हणाली, "पेपर वाचाले बी कालेजात जा लागते काय, भाऊजी?" भाऊ मात्र हसला नाही. "वाचाले नाई, लिवाले," त्यानं तिला समजावलं. "कुठं काय झालं ते खरं खरं लिवाचं. आपला मधू लिवनार." मी मधू, मधुकर.

त्या वर्गाचे दिवस आठवले की अजून बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचीच लाज वाटते. लाकडी बाकं, छापखान्यातून आणलेल्या ओल्या प्रुफांचा वास, समासात लाल शाईनं करायच्या खुणा. आमचे सर मूळचे पुण्याचे, धोतर इस्त्रीचं, उच्चार त्याहून इस्त्रीचे. पहिल्याच दिवशी मी "मले" म्हणालो आणि वर्ग फिसकन हसला. सर हसले नाहीत. "आपल्याला सगळ्या महाराष्ट्रासाठी लिहायचंय," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी खोलीवर ट्रंकेच्या झाकणातल्या आरशासमोर बसून मला, तुला, त्याला असं घोकायला लागलो. दोन महिन्यांत जीभ इतकी घासली की पोळ्याला घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी रेडिओवानी बोलून राह्यले." मला ती शाबासकी वाटली.

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी काम दिलं. प्रत्येकानं आपल्या जिल्ह्यातून एक बातमी छापून आणायची. अट एकच, घटना घडल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात ती आली पाहिजे. "शिळी बातमी म्हणजे शिळी भाकरी," सर म्हणाले. शिळ्या भाकरीवर वाढलेला मी एकटाच गालात हसलो. कात्रण वहीत चिकटवून आणायचं, त्याला गुण, आणि ज्याची बातमी उत्तम त्याची एका दैनिकाकडे उपसंपादकाच्या जागेसाठी शिफारस. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की परतताना आगगाडीत मला खिडकीबाहेरचा कापूससुद्धा बातमीसारखा दिसत होता.

घरी पोचलो तर बातमी ओट्यावर बसलेली. भाऊ तालुक्याच्या पीक स्पर्धेत पहिला आला होता. त्या वर्षी त्यानं ग्रामसेवकाच्या आग्रहानं दोन एकरांत नवी संकरित ज्वारी पेरली होती, आणि बुटक्या ताटांवर एवढाली कणसं लागली होती. गावच्या शाळेच्या पटांगणात सभापतींच्या हस्ते सत्कार व्हायचा होता. पी हळद नि हो गोरी म्हणतात, तशी माझी घाई. माझं बक्षीस मला घरातच दिसायला लागलं.

अडचण एकच होती. सत्कार दुपारी चारला, आणि नागपूरकडं टपाल नेणारी गाडी मलकापूरहून त्याच्या आधीच सुटायची. मी मलकापूरला गेलो. गावात कपाशीचा हंगाम भरात होता. जिनिंगच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग, रस्त्याच्या कडेला, तारांवर, दुकानांच्या पाट्यांवर पांढरा पिंजका अडकलेला, हवेत सरकीचा तेलकट वास. तिथं गणपतराव नावाचे एक गृहस्थ कापडाचं दुकान चालवीत आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा चार पेपरांना बातम्या पाठवत. त्यांना मी अडचण सांगितली. त्यांनी गजानं लुगडं मोजता मोजता उत्तर दिलं.

"कार्यक्रम चारले, गाडी त्याच्या आंधी. मंग बातमी कार्यक्रमाच्या आंधी लिवाची. त्यात काय?"

"पण झाल्याशिवाय कशी लिहायची?"

"अरे बापू, सत्कारात वेगळं काय होते? हार घातला, शाल देल्ली, पाव्हने बोलले, सत्कारमूर्ती गहिवरले, आभार मानले. वीस वर्सं झाली, याच्याहून येगळं मी पाह्यलं नाई. वरातीमागून घोडं कोन छापते?" त्यांनी गल्ल्याखालून एक कागद काढला. त्यावर बातमी तयार होती, फक्त नावांच्या आणि गावांच्या जागा मोकळ्या.

सगळा तालुका असाच चालत होता. वऱ्हाडातल्या किती सभा, किती हळदीकुंकवं आणि किती उद्घाटनं पेपरात आधी पार पडली आणि गावात मागून, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मला तर ती युक्ती शिकल्यावर आपण खरे पत्रकार झालो असं वाटलं. वर्गातल्या कुणाला हे माहीत नसणार, या आनंदात मी परत आलो.

सत्काराच्या दिवशी सकाळी मी पडवीत लिहायला बसलो. भाऊ अंघोळ करून, नवं धोतर नेसून समोर उभा राहिला. काही बोलायचं असलं की तो आधी खांबाला हात लावायचा. तसा हात लावून म्हणाला, "मधू, माह्यं बोलनं आयकतं का? लिवून घेतलं तं बरं होईन. मले इसराचं भेव वाटते."

मी वर न बघताच म्हटलं, "भाऊ, बस सुटेल. संध्याकाळी ऐकतो."

"संध्याकाळी तं बोलून झालं राहीन," तो म्हणाला आणि हसला. मग खळ्याकडं गेला. खळ्यावर गावरान ज्वारीच्या पेंढ्या पडल्या होत्या, त्यांच्याभोवती तो फिरत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला ते दिसत होतं. माझ्या हातात पेन होतं, मांडीवर कागद होता, आणि ज्याचं भाषण मी लिहीत होतो तो माणूस वीस पावलांवर ते पाठ करत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी लिहिलं, "सत्काराला भावपूर्ण शब्दांत उत्तर देताना श्री. नारायणराव म्हणाले की, प्रत्येक शेतकऱ्याने जुन्या बियाण्याचा मोह सोडून यापुढे केवळ संकरित ज्वारीचीच पेरणी करावी. माझे सर्व यश या बियाण्याचे आहे." वाक्य मला फार आवडलं. मी ते दोनदा वाचलं, बस पकडली, मलकापूरला पाकीट टपालाच्या गाडीत टाकलं आणि सत्काराच्या वेळेला परत आलो.

सभापती आले तेव्हा ऊन उतरलं होतं. येताना त्यांना दोन गावं लागली आणि दोन्ही गावांत चहा. मग पाहुण्यांची भाषणं झाली, ती लांबली. भाऊ खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, हात गुडघ्यांवर. त्याला हार घातला, शाल दिली, औषध फवारायचा पंप दिला. त्यानं पुढं येऊन घसा साफ केला. तेवढ्यात कुणीतरी सभापतींच्या कानाशी लागलं, आणि सूत्रं सांभाळणाऱ्या गुरुजींनी आभार मानून टाकले. घोडं गंगेत न्हालं. भाऊ तिथंच उभा राहिला, तोंड जरासं उघडं. मग खाली उतरला.

घरी येताना पंप माझ्या खांद्यावर होता. भाऊ म्हणाला, "राह्यलं बा बोलाचं." मी त्याला काहीच सांगितलं नाही. उलट मनात म्हटलं, बरं झालं, मी लिहून पाठवलंय. इथं नाही तर पेपरात तरी भाऊ बोलेल. त्याला आनंद होईल, असं मला वाटलं. शप्पथ सांगतो, तसंच वाटलं.

पेपर तिसऱ्या दिवशी गावात आला. चौकातल्या हॉटेलात गुरुजींनी मोठ्यानं वाचला. भाऊ सभेत बोलला नव्हता हे सगळ्यांनी बघितलं होतं, पण त्यात कुणाला काही खटकलं नाही. धाकटा भाऊ पेपरवाला आहे, स्टेजवर बोलू दिलं नाही तर नारायणनं त्याच्याकडून आपलं म्हणणं छापून आणलं, असा त्यांनी अर्थ लावला. छापलेलं, तेही नारायणचं. मग खरंच असणार.

भाऊ घरी आला आणि माझ्यासमोर बसला. "मधू, हे म्या म्हतलं नाई."

"भाऊ, असंच लिहितात. पद्धत असते ती."

"हाव?" तो म्हणाला. पद्धत म्हटल्यावर त्याला गप्प बसावं लागलं. मग वहिनीकडं बघून हळूच म्हणाला, "मी येगळं सांगनार व्हतो. पेरा, पन आर्धं. आर्ध्यात आपली जुनीच ठिवा. यंदा पानी टायमावर उघडलं म्हनून हे साधलं. ह्या जवारीचं कनीस लवकर निसवते, वरतून पानी आलं तं दाना काया पडते. कडबा ढोरं खात नाईत. हिले इचार, भाकर तव्यावर फुटते." वहिनीनं मान हलवली.

मला वर्गात शिकवलेली सगळी बातमी, कोण, काय, का, सगळी त्या तीनचार वाक्यांत होती. तालुक्यात ती दुसऱ्या कुणाकडं नव्हती, आणि ती मला फुकट सांगायला माणूस खांबाला हात लावून उभा राहिला होता.

"ते बदलून देता येते काय पेपरात?" भाऊनं विचारलं.

येत होतं. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर दोन ओळींचा खुलासा आला असता. पण मग कात्रण खोटं ठरलं असतं, आणि सर, आणि ती जागा. मी म्हटलं, "नाही. एकदा छापलं की छापलं."

त्यानं मान डोलावली. मी शिकलेला होतो, त्याला खरंच वाटलं ते.

सरांनी माझी बातमी वर्गात वाचून दाखवली. "सत्कारमूर्तीचे शब्द कसे नेमके टिपले आहेत बघा," म्हणाले. सगळ्यांत जास्त गुण मलाच पडले. ती जागाही मिळाली. पुढं चौतीस वर्षं मी त्या टेबलावर बसलो. लोकांची पत्रं यायची, आमचं नाव चुकलं, आम्ही असं बोललोच नाही, आणि मी प्रत्येकाचा खुलासा छापायचो, नेमानं, दुसऱ्याच दिवशी. हाताखालची पोरं वैतागायची. म्हणायची, एवढ्या तेवढ्याला कशाला? मी त्यांच्यावर ओरडायचो. मी फार काटेकोर आहे असा कचेरीत लौकिक झाला होता. भाऊचा खुलासा मात्र मी कधी छापला नाही. आधी नोकरी नवी होती म्हणून, मग प्रकरण जुनं झालं म्हणून. पुढं भाऊच राहिला नाही.

त्या बातमीच्या पुढच्याच वर्षी गावात जुनी ज्वारी शोधून सापडली नसती. आमच्या शेतात काय ती अर्धी होती. सगळ्या रानात बुटकी ताटं, भरलेली कणसं, लोक खूश. आणि कणसं पिकत आली असताना पाऊस आला तो सात दिवस हललाच नाही. मी आठवडाभराची रजा काढून गेलो होतो, नव्या नोकरीचे पेढे घेऊन. एस्टीतून उतरलो तर दोन्ही बाजूंना रान काळं. कणीस हातात घेतलं की बोटांना काजळी लागायची, आणि कुबट वास, भिजलेल्या गोणपाटासारखा. ते दाणे माणसांनी खाण्याजोगे नव्हतेच, ढोरंही तोंड फिरवत होती.

आमच्या ओट्यावर पाचसात माणसं बसलेली. नेहमीचीच, पण तंबाखू कुणी मळत नव्हतं. मी पिशवी घेऊन दारात थांबलो. त्यांच्यातला एक म्हातारा, भाऊला लेकासारखा मानणारा, अगदी शांतपणे म्हणाला, "नारान, तू आपली आर्धी जुनी ठिवली. आन् आमाले पेपरातून सांगतलं, समदी हेच पेरा. असं काऊन केलं बा?"

भाऊनं माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द साधे होते, ते मी लिहिलं, त्यानं नाही, एवढेच. माझ्या पिशवीत पेढे होते, खिशात नेमणुकीचं पत्र होतं. भाऊ बघत राहिला. मग त्यानं नजर वळवली.

"हाव," तो म्हाताऱ्याला म्हणाला, "म्यानंच लिवाले सांगतलं व्हतं त्याले. चुकलं माह्यं."

माणसं उठली. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. म्हाताऱ्यानं टोपी झटकली आणि तो शेवटी गेला. पुढच्या मिरगाला आमच्या ओट्यावर कुणी विचारायला आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. भाऊ पेरणीच्या दिवसांत सकाळी तिथं येऊन बसायचा असं वहिनी सांगायची, बसायचा आणि मग एकटाच वावरात जायचा. त्या दिवशी सगळे गेल्यावर मात्र तो माझ्याकडं वळला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "भुकेजला असशीन. चाल, जेवून घे."

आणि मी जेवलो.